प्लस सातचा नंबर आणि लेसरला दिलेला नकार : एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील रुग्ण सत्तावीस वर्षांची, सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत लिपिक म्हणून काम करणारी तरुणी आहे. तिची ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. वैद्यकीय विचार मात्र जसा झाला तसाच येथे मांडला आहे. पुण्यातील आमच्या बाह्यरुग्ण विभागात ती आईला सोबत घेऊन आली तेव्हा तिचा निर्णय जवळजवळ झालेला होता. लेसर करून चष्मा कायमचा काढायचा, त्यासाठी आवर्ती ठेवीतून तिने दोन वर्षे पैसेही बाजूला ठेवले होते. तिच्या मावसबहिणीचा मायनस साडेचारचा नंबर लेसरने गेला होता आणि ती चौथ्या दिवशी कामावर रुजू झाली होती. आपला नंबर थोडा जास्त आहे, एवढाच काय तो फरक, अशी तिची समजूत होती.

तक्रारी दोन होत्या. दुपारी तीन-साडेतीननंतर संगणकावरचे आकडे धूसर होत आणि कपाळ व भुवयांवर दुखू लागे. दुसरी तक्रार सांगताना ती थोडी अडखळली. प्लसच्या जाड भिंगांतून डोळे मोठे आणि पुढे आलेले दिसतात, त्यामुळे पाहायला आलेल्या दोन स्थळांकडून नकार आला होता. चष्मा काढून बसावे तर डावा डोळा नाकाकडे वळतो, हेही तिला ठाऊक होते. मी ही दुसरी तक्रार पहिल्याइतकीच गांभीर्याने नोंदवली. दिसण्याचा प्रश्न म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करणारा डॉक्टर रुग्णाला अशा ठिकाणी ढकलतो, जिथे तिचे ऐकून तर घेतले जाते, पण डोळा नीट तपासला जात नाही.

ती आमच्याकडे येण्यापूर्वी एका लेसर केंद्रात जाऊन आली होती. तेथे तिला सांगण्यात आले होते की यंत्र प्लस सहापर्यंत नंबर काढू शकते. उजव्या डोळ्याचा साडेसहा आहे, म्हणजे अर्धा उरेल, आणि अर्ध्या नंबरने काही बिघडत नाही. या हिशेबात नेमके काय चुकले, हे समजून घेणे हाच या प्रकरणाचा गाभा आहे.

प्लसचा डोळा

मायनस आणि प्लस हे एकाच मोजपट्टीचे दोन्ही बाजूंचे आकडे वाटतात, परंतु डोळ्याच्या रचनेत ते एकमेकांचे आरशातील प्रतिबिंब नाहीत. प्रौढ माणसाच्या डोळ्याची पुढून मागची लांबी साधारणपणे २३ ते २४ मिलिमीटर असते. ही लांबी एक मिलिमीटरने कमी असेल तर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरचा (डायॉप्टर म्हणजे नंबर मोजण्याचे एकक) प्लस नंबर येतो. मोठ्या प्लस नंबरचा डोळा म्हणूनच बहुधा आखूड असतो, आणि आखूड डोळ्यात बाकीच्या रचनाही दाटीवाटीने बसवलेल्या असतात : पुढचा कप्पा उथळ, पाण्याचा निचरा होण्याची कोनातील जागा अरुंद आणि वयाबरोबर जाड होत जाणारे नेत्रभिंग बुबुळाला पुढे रेटणारे. लेसरने डोळ्याची लांबी वाढत नाही. तो फक्त पुढच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा, आकार बदलतो. आतला डोळा आहे तेवढाच आखूड राहतो.

दुसरा भेद समायोजनाचा आहे. तरुण वयात नेत्रभिंग स्वतःचा फुगवटा वाढवून प्लसचा बराचसा नंबर झाकून टाकते. सत्ताविसाव्या वर्षी ही शक्ती सरासरी दहा डायॉप्टरच्या आसपास असते, पंचेचाळिशीत ती निम्म्याहून खाली येते आणि साठीच्या सुमारास जवळजवळ संपते. म्हणून मोठ्या प्लसच्या तरुणांना चष्म्याशिवायही काही वेळ बरे दिसते. आमच्या रुग्णानेही महाविद्यालयात असताना समारंभांच्या दिवशी चष्मा काढून वावरल्याचे सांगितले. आता मात्र ते जमत नाही आणि नंबर वाढला असावा अशी तिला शंका होती. नंबर वाढला नव्हता. झाकणारी शक्ती हळूहळू ओसरत होती.

तपासणी

चौथ्या वर्षी डावा डोळा तिरळा दिसू लागल्यावर तिला पहिला चष्मा लागला होता. चष्मा घातला की डोळे सरळ, काढला की डावा आत, हा इतिहास समायोजनाशी निगडित तिरळेपणाचा ठळक पुरावा आहे. डोळा जवळ पाहण्यासाठी जोर लावतो तेव्हा दोन्ही डोळे नाकाकडे वळणे स्वाभाविक असते. प्लसच्या डोळ्याला दूर पाहतानाही तसाच जोर लावावा लागतो, म्हणून तो आत वळतो. लहानपणी उजव्या डोळ्यावर पट्टी लावण्याचा सल्ला मिळाला होता, परंतु शाळेत मुले चिडवतात म्हणून ती दोन-तीन महिन्यांतच सुटली. त्याचा परिणाम आजही मोजता येत होता : चष्म्यासह उजव्या डोळ्याची दृष्टी ६/६, म्हणजे सामान्य, डाव्याची ६/१२, म्हणजे कमी. डाव्या डोळ्यातील ही उणीव भिंगाची नसून मेंदूने त्या डोळ्याची प्रतिमा बालपणी नीट न शिकण्याची होती. ती भरून काढणारे कोणतेही लेसर नाही, हे पहिल्याच भेटीत सांगणे मला आवश्यक वाटले.

चालू चष्मा उजव्या डोळ्याला +६.५० आणि डाव्याला +७.२५ असा होता. बाहुली मोठी करणारे थेंब घालण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांचा कोन गोनिओस्कोपीने पाहिला, कारण आखूड डोळ्यात कोन न तपासता बाहुली मोठी करणे धोक्याचे ठरू शकते. कोन अरुंद होता, परंतु बंद नव्हता. कुठे चिकटलेलाही नव्हता. डोळ्यातला दाब दोन्हीकडे १५, म्हणजे सामान्य होता. त्यानंतर सायक्लोपेंटोलेटचे थेंब घालून, म्हणजे समायोजन तात्पुरते थांबवून, नंबर पुन्हा काढला, तेव्हा तो उजव्या डोळ्यात +७.५० आणि डाव्या डोळ्यात +८.५० निघाला. चष्म्यात दिसणाऱ्या नंबरापेक्षा उजवीकडे एक आणि डावीकडे सव्वा डायॉप्टर अधिक नंबर तिचे स्नायू दिवसभर गुपचूप उचलत होते. दुपारनंतरच्या डोकेदुखीचे कारण येथेच सापडले.

डोळ्यांची लांबी उजवीकडे २०.९ आणि डावीकडे २०.६ मिलिमीटर भरली. पुढच्या कप्प्याची खोली २.६ मिलिमीटर होती. पारपटलाची जाडी ५४५ मायक्रॉन म्हणजे उत्तम होती आणि त्याचा बाक सरासरी ४३.२ डायॉप्टर, अगदी सर्वसामान्य. पारपटलाच्या नकाशात कोठेही शंकूसारख्या फुगवट्याची खूण नव्हती. थोडक्यात, लेसर ज्या पडद्यावर काम करतो तो पडदा निर्दोष होता. केवळ त्या पडद्याकडे पाहणाऱ्याने तिला योग्य उमेदवार ठरवले असते, यात नवल नाही.

लेसरचा हिशेब

एक्सायमर लेसरचा जिवंत ऊतीवरील गुणधर्म १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांनी ओळखला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हा अतिनील किरण ऊती न भाजता तिचा अतिशय पातळ थर उडवून लावतो. एका स्पंदात साधारण पाव मायक्रॉन. पुढे नेत्रतज्ज्ञांनी तो पारपटलावर वापरायला घेतला आणि नव्वदच्या दशकात लॅसिक, म्हणजे पारपटलाचा वरचा पातळ थर झडपेसारखा उचलून त्याखाली लेसर करण्याची पद्धत, रूढ झाली. मायनस नंबरात करायचे असते ते तुलनेने सरळ आहे : पारपटलाचा मध्य सपाट करायचा, म्हणजे मधला भाग तासायचा. मावसबहिणीच्या साडेचार नंबरसाठी सहा मिलिमीटरच्या वर्तुळात सुमारे ५४ मायक्रॉन ऊती काढली की काम भागते.

प्लसमध्ये मध्य उंच करायचा असतो, आणि लेसरला भर घालता येत नाही, तो फक्त काढू शकतो. म्हणून मध्याला हात न लावता त्याभोवती कड्यासारखी घळ कोरली जाते, जेणेकरून मधला भाग सापेक्षतेने उंचावतो. यातून अनेक अडचणी एकामागून एक येतात. कोरायचा पट्टा बाहेरच्या बाजूला साधारण नऊ मिलिमीटर व्यासापर्यंत जातो, म्हणून पारपटलाची झडपही मोठी उघडावी लागते. लहान डोळ्यात पारपटलही अनेकदा लहान असते. मोठी झडप आणि रुंद पट्टा यांमुळे अधिक मज्जातंतू कापले जातात आणि डोळा कोरडा पडण्याचे प्रमाण वाढते. प्लसच्या डोळ्यात नजरेची रेषा बाहुलीच्या मध्यातून न जाता नाकाच्या बाजूने जाते आणि हे अंतर मायनसच्या डोळ्यापेक्षा जास्त असते. त्यामुळे बाहुलीचा मध्य धरून कोरलेले कडे नजरेच्या दृष्टीने बाजूला सरकलेले ठरते. आणि शेवटी, शरीर या घळीला जखमेसारखे मानते. पारपटलावरचा पेशींचा थर घळीत जाड होतो आणि शिखरावर पातळ होतो, म्हणजे कोरलेला आकार स्वतःहून बुजवत आणतो. प्लसचा नंबर लेसरनंतर काही महिन्यांत व वर्षांत अंशतः परत येतो, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे, आणि जेवढा मोठा नंबर तेवढे हे परतणे अधिक.

आता आकडे. चष्म्याचे भिंग डोळ्यापासून सुमारे बारा मिलिमीटर दूर असते. मायनसमध्ये पारपटलावर लागणारा नंबर चष्म्यापेक्षा कमी भरतो, प्लसमध्ये तो जास्त भरतो. चष्म्यातील +७.५० हा पारपटलावर सुमारे +८.२ होतो आणि +८.५० हा जवळजवळ +९.५. हा हिशेब कागदावर दोन ओळींत करता येतो, पण लेसर केंद्रातील बोलण्यात तो झालाच नव्हता. तेथे साडेसहातून सहा वजा केले गेले होते. प्रत्यक्षात उजव्या डोळ्यात ८.२ मधून सहा जाऊन सव्वादोनच्या आसपास नंबर उरणार होता आणि डाव्या डोळ्यात साडेतीन. काही भाग परत येणार, तो वेगळाच.

संपूर्ण नंबर काढायचा म्हटले तर पारपटलाचा बाक प्रत्येक डायॉप्टरमागे जवळपास एक डायॉप्टरने वाढवावा लागतो. ४३.२ मध्ये आठ मिळवले की ५१ च्या पुढे आकडा जातो. बहुतेक शल्यविशारद ४८ ते ४९ च्या पुढे हा बाक नेण्यास तयार नसतात, कारण त्याहून उंच शिखरावर अश्रूंचा थर टिकत नाही, पेशींचा थर झिजतो, आणि प्रतिमेची गुणवत्ता घसरून चष्म्यानेही पूर्वीइतके स्पष्ट दिसत नाही. हे शेवटचे नुकसान मला सर्वांत गंभीर वाटते. आज तिला चष्म्याने उजव्या डोळ्याने ६/६ दिसते. डावा डोळा मंद असल्यामुळे उजवा हाच तिचा खरा कामाचा डोळा आहे. त्याची ही शेवटची ओळ हरवली तर ती परत देण्यासाठी आपल्याकडे काही नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही लेसर यंत्रांना प्लस सहापर्यंत मान्यता दिलेली आहे, ही गोष्ट खरी आहे. परंतु यंत्राची मर्यादा म्हणजे डोळ्याची पात्रता नव्हे. प्रत्यक्ष व्यवहारात अनुभवी शल्यविशारद प्लस तीन किंवा फार तर चारपर्यंतच लेसरचा विचार करतात, तेही पारपटल मुळात फार उंच नसेल, थेंब घालून काढलेला आणि थेंबांशिवायचा नंबर एकमेकांच्या जवळ असतील आणि डोळ्याला कोरडेपणा नसेल तर. तेवढ्या नंबरमध्ये परिणाम चांगले मिळतात आणि अशा रुग्णांना मी स्वतः लेसरसाठी पाठवतो. तिचा डोळा त्या चौकटीच्या बराच बाहेर होता.

थोडा तरी कमी करा

सगळा नाही तर चार नंबर तरी कमी करा, उरलेल्याचा पातळ चष्मा लावेन, असे ती म्हणाली. ही मागणी वरकरणी वाजवी आहे आणि तिला उत्तर देणे पूर्ण नंबर काढण्याच्या मागणीपेक्षा कठीण आहे. पारपटलावर चार डायॉप्टरचे काम केले तर बाक ४७ च्या आसपास राहील, म्हणजे सुरक्षित मर्यादेत. भिंगे पातळ होतील, डोळे कमी मोठे दिसतील. मग नकार कशासाठी?

पहिले कारण तिरळेपणाचे. उरलेल्या चार-पाच नंबरसाठी चष्मा लागणारच, आणि लेसर झाल्यावर तो घालण्याची इच्छा कमी होणार, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. चष्मा काढलेल्या प्रत्येक तासाला डोळे जोर लावणार आणि डावा डोळा आत जाणार. ज्या कारणासाठी तिला चष्मा नको होता, त्याच कारणाने तो तिच्या चेहऱ्यावर राहायला हवा होता.

दुसरे कारण पुढच्या पंचवीस-तीस वर्षांचे आहे आणि माझ्या मते तेच निर्णायक आहे. आखूड डोळ्याच्या माणसाला आयुष्यात एकदा नेत्रभिंग बदलण्याची शस्त्रक्रिया होण्याची शक्यता खूप असते, मोतीबिंदूसाठी किंवा कोन बंद होऊ लागल्यामुळे. त्या वेळी बसवायच्या कृत्रिम भिंगाची ताकद डोळ्याची लांबी आणि पारपटलाचा बाक यांवरून काढतात. असे डोळे तीस डायॉप्टरच्या पुढची भिंगे मागतात, आणि एवढ्या ताकदीचे भिंग डोळ्यात अर्ध्या मिलिमीटरने पुढे-मागे बसले तरी नंबरात मोठा फरक पडतो. आखूड डोळ्यांसाठी हॉफर-क्यू, हेगिस, बॅरेट यांसारखी सूत्रे वापरूनही हा हिशेब इतर डोळ्यांपेक्षा अधिक चुकतो. त्यात लेसरने पारपटलाचा मूळ आकार बदललेला असेल, तर हिशेबातील दुसरा आकडाही डळमळीत होतो. म्हणजे आज चार नंबर कमी करून घेताना, ज्या शस्त्रक्रियेने तिचा जवळजवळ सगळा नंबर एका फटक्यात जाऊ शकतो, तिचीच अचूकता आपण गहाण टाकतो. पतसंस्थेत काम करणाऱ्या त्या मुलीला हा मुद्दा मी याच शब्दांत सांगितला, आणि तो तिला पटकन कळला.

तिसरे कारण लहान आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखे नाही. चष्म्याचे प्लस भिंग दृष्टिपटलावरील प्रतिमा मोठी करते. तोच नंबर पारपटलावर आणला की ही वाढ नाहीशी होते. मंद असलेल्या डाव्या डोळ्याला ही मोठी प्रतिमा उपयोगी पडत होती.

इतर वाटा

लेसर नको म्हटल्यावर डोळ्याच्या आत भिंग बसवण्याचा प्रश्न ओघाने आला. मूळ नेत्रभिंग तसेच ठेवून त्याच्या पुढे बसवायचे आयसीएल प्लस नंबरसाठीही मिळते आणि मोठ्या नंबरसाठी ते लेसरपेक्षा तत्त्वतः सरस आहे, कारण पारपटलाला धक्का लागत नाही. परंतु त्यासाठी पुढच्या कप्प्यात साधारण तीन मिलिमीटरची खोली हवी. तिच्या डोळ्यात २.६ होती आणि कोन आधीच अरुंद होता. तेथे आणखी एक भिंग बसवणे म्हणजे दाटीत दाटी. ही वाट तत्काळ बंद केली.

स्वतःचे नेत्रभिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे ही दुसरी वाट. पंचेचाळिशीनंतर, समायोजन संपत आलेले असताना, मोठ्या प्लसच्या रुग्णासाठी हा फार चांगला उपाय ठरतो. सत्ताविसाव्या वर्षी मात्र त्याने जवळचे पाहण्याची नैसर्गिक शक्ती कायमची जाते. दूरचे आणि जवळचे दोन्ही दाखवणारी बहुकेंद्री भिंगे ती पूर्णपणे भरून काढत नाहीत, आणि मंद असलेल्या डोळ्यात ती बसवणे मला मान्य नाही. शिवाय आखूड डोळ्यात डोळा उघडण्याचेच काही विशेष धोके असतात : दाब एकाएकी वाढणे, आतल्या थरांत पाणी साठणे. चष्म्याने चांगले पाहणारा डोळा केवळ चष्म्यासाठी त्या धोक्यात घालण्याचे कारण नव्हते.

आईचा डोळा

या प्रकरणात एक भाग असा आहे जो कोणी विचारला नव्हता. मुलीच्या अरुंद कोनाबद्दल समजावून सांगत असताना, आखूड डोळे घराण्यात चालतात म्हणून मी आईच्या डोळ्यांची चौकशी केली. आई चोपन्न वर्षांची, चष्मा प्लस पाचचा. संध्याकाळी अंधारात बसल्यावर कधी कधी डोके दुखते आणि दिव्याभोवती रंगीत कडे दिसते, असे त्यांनी सहज सांगितले. ते पित्ताचे असावे, असे त्यांना वाटत होते. त्याच दिवशी तपासले तेव्हा उजव्या डोळ्याचा दाब २४ आणि डाव्याचा २६ भरला, दोन्हीकडे अर्ध्याहून अधिक कोन बंद होता आणि डाव्या डोळ्याच्या दृष्टिमज्जातंतूत काचबिंदूमुळे झालेल्या हानीची सुरुवात दिसत होती.

एका घरातील दोन आखूड डोळ्यांसाठी निर्णय वेगवेगळे झाले, आणि ते का, हे पाहण्यासारखे आहे. आईचे नेत्रभिंग वयामुळे जाड झाले होते आणि तेच बुबुळाला पुढे ढकलून कोन बंद करत होते. आधी थेंबांनी दाब उतरवून बुबुळाला लेसरने बारीक छिद्र पाडले, म्हणजे इरिडॉटॉमी केली. २०१६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईगल या चाचणीत पन्नास किंवा त्याहून अधिक वयाच्या ४१९ रुग्णांचा अभ्यास होता, कोन बंद झाल्याने आलेल्या काचबिंदूत मोतीबिंदूची वाट न पाहता भिंग काढणे हे प्रचलित लेसर छिद्रापेक्षा अधिक लाभदायक ठरल्याचे तिच्यात दिसले. आईचे वय आणि आजार या चौकटीत बसत होते. दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांची भिंगे बदलली, एकतीस डायॉप्टरच्या आसपासची एककेंद्री, म्हणजे एकाच अंतरासाठीची, भिंगे बसवली. कोन उघडले, थेंबांशिवाय दाब १५ वर स्थिरावला आणि दूरचे चष्म्याशिवाय ६/९ दिसू लागले. भिंगाच्या ताकदीचा हिशेब बरोबर उतरला, कारण पारपटल मुळातले होते.

मुलीच्या कोनाला आज लेसर छिद्राची गरज नव्हती. चीनमधील ग्वांगझू येथे ८८९ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुसत्या अरुंद कोनाच्या लोकांत सहा वर्षांत फार थोड्यांना त्रास झाला, छिद्र न पाडलेल्या डोळ्यांतही. ती माणसे ५० ते ७० वयोगटातील होती, म्हणून ते निष्कर्ष सत्तावीस वर्षांच्या अतिआखूड डोळ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही घाई न करता दर वर्षी कोन पाहणे हा मार्ग मला योग्य वाटला. दिव्याभोवती कडे, डोळ्यात ठणका आणि मळमळ एकत्र आल्यास त्याच दिवशी यावे, हे लेखी दिले.

नकार आणि त्यानंतर

नकार तिने शांतपणे घेतला नाही. तुम्ही करत नसाल तर दुसरे कोणी करेल, असे ती म्हणाली, आणि ते खरेही होते. मी तिच्यासमोर कागदावर ८.२ मधून सहा वजा केले, मग ४३.२ मध्ये आठ मिळवले. आकडे तिच्या रोजच्या कामाचे असल्यामुळे तिने स्वतः डाव्या डोळ्याची बेरीज केली. त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही. असा नकार देताना पर्यायाची सोय त्याच बैठकीत करून दिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. नाहीतर रुग्ण नकार देणाऱ्याकडून उठून होकार देणाऱ्याकडे जातो.

नवा चष्मा उजव्या डोळ्याला +७.०० आणि डाव्याला +८.०० असा दिला. झाकलेला सगळा नंबर एकदम दिला तर स्नायू सैल पडायला तयार नसतात आणि दूरचे धूसर दिसते, म्हणून तो टप्प्याटप्प्याने वाढवायचे ठरले. पहिले दोन आठवडे तिला थोडे अंधुक वाटले, मग सवय झाली. प्लसच्या भिंगाची जाडी मध्यभागी असते आणि भिंग जितके मोठे तितका तो मध्य जाड होतो. मोठ्या फॅशनच्या चौकटीमुळे तिची भिंगे गरजेपेक्षा जाड झाली होती. लहान, गोलसर चौकट, दोन्ही बाहुल्या चौकटीच्या मध्याजवळ येतील अशी मापे आणि उच्च अपवर्तनांकाची अगोलीय भिंगे एवढ्यानेच चष्म्याचे रूप पुष्कळ बदलले. हे काम चष्म्याच्या दुकानातील कुशल ऑप्टिशियनचे आहे आणि त्याला मी शस्त्रक्रियेपेक्षा कमी लेखत नाही.

बाहेर जाण्यासाठी सिलिकॉन हायड्रोजेलच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स दिल्या. प्लसच्या लेन्स मध्यभागी जाड असल्याने त्यांतून प्राणवायू पोहोचण्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो, म्हणून हा पदार्थ निवडला. उजवी लेन्स तयार नंबरमध्ये मिळाली, डावी मागणी नोंदवून बनवून घ्यावी लागली. प्लसच्या माणसाला चष्म्यापेक्षा लेन्समध्ये जवळ पाहताना कमी जोर पडतो, मायनसच्या माणसाच्या अगदी उलट. त्यामुळे लेन्स घातल्यावर डावा डोळा सरळ राहिला आणि संध्याकाळची डोकेदुखीही कमी झाली. लेन्स घालून झोपायचे नाही, आंघोळीच्या वेळी त्या काढून ठेवायच्या, आणि विहिरीचे, बोअरचे किंवा नळाचे पाणी त्यांना लागू द्यायचे नाही, हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतले. पाण्यातील अकँथामीबा या जंतूमुळे पारपटलाला होणारा संसर्ग दृष्टी घेऊ शकतो.

चौदा महिन्यांनंतरच्या भेटीत उजवा डोळा ६/६ आणि डावा ६/१२ असाच होता, कोनात बदल नव्हता, पारपटल स्वच्छ होते. ती आठवड्यातील चार-पाच दिवस लेन्स वापरत होती. आईचा चष्मा गेला आणि माझा राहिला, हे ती त्याही भेटीत म्हणाली, आणि त्यातील खंत खरी होती. पंचेचाळिशीच्या सुमारास, किंवा कोनाने त्याआधी भाग पाडल्यास, तिच्याही नेत्रभिंगाचा विचार होईल. त्या दिवसासाठी दोन्ही डोळ्यांची लांबी, कप्प्याची खोली आणि शस्त्रक्रिया न झालेल्या पारपटलाचे नकाशे छापून तिच्या फाइलमध्ये लावले आहेत. एक संच आमच्या विभागात आहे, आणि एक तिने सातारला नेऊन घरच्या कपाटात दस्तऐवजांच्या पिशवीत ठेवला आहे.